मधला मारुती ते होटगी रोड: डिकीच्या लॉकची आमची वाटचाल

अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, टपरी सोलापुरात मधल्या मारुतीजवळ होती. ट्रंका, लोखंडी कपाटं, दुकानांची शटरं यांची कुलपं दुरुस्त करायची आणि चाव्या बनवायच्या, हे त्यांचं काम. मारुती ८०० आणि ओम्नी सोलापुरात दिसू लागल्या तशा गाड्यांच्या चाव्याही येऊ लागल्या. दहावीनंतर मी त्यांच्या हाताखाली बसलो. कानस कशी धरायची ते त्यांनी शिकवलं आणि एक नियम घालून दिला: कुलूप उघडतंय का हे नंतर, आधी ते नीट बसतंय का बघायचं.

पुढे चाव्यांत चिप आली, मशीन घेऊन चावी बनवणारे गल्लोगल्ली झाले. डिकीच्या लॉकला मात्र कुणी हात लावत नव्हतं. काम किचकट, वेळ खाणारं, आणि गिऱ्हाईक म्हणणार, ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ आम्ही तेच काम धरलं. होटगी रोडला गाळा घेतला. धाकटा भाऊ वायरिंग बघू लागला, मी लॉक.

आपल्याकडे डिकीचे हाल जरा जास्तच होतात. चादरी-टॉवेलचे गठ्ठे ठासून भरायचे आणि दोघांनी मिळून दार दाबायचं, हे रोजचं. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, ग्रीस सुकतं, त्यावर धूळ बसते. वॉशिंगला प्रेशरचं पाणी थेट लॉकवर मारतात, मग उरलंसुरलं ग्रीसही जातं.

लॉक बाकावर उघडलं की आत काळा चिखल निघतो. रॉकेलमध्ये धुतल्यावर खरा भाग दिसतो: एक फिरता आकडा, त्याला अडवणारा छोटा खटका आणि दोन स्प्रिंगा. दार लावताना बॉडीवरची कडी या आकड्यात शिरते. पहिला ‘खट’ म्हणजे दार अर्धं लागलं. दुसरा ‘खट’ झाला की पूर्ण बसलं. खटक्याचं टोक झिजून गोल झालं किंवा स्प्रिंग मऊ पडली, की दार पहिल्यावरच थांबतं. बाहेरून बंदच दिसतं, हात लावून बघितलं तरी घट्ट वाटतं. मला या कामात सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच.

तुळजापूरहून देवदर्शन करून येणारं एक कुटुंब आमच्याकडे आलं होतं. सात सीटची गाडी, शेवटच्या सीटवर दोन पोरं. स्पीडब्रेकरवर डिकी उघडली आणि बॅग रस्त्यावर पडली. पोरांना काही झालं नाही, पण त्यांच्या आईचे हात दुकानात बसल्यावरही थरथरत होते. लॉक उघडलं तर कडी कानसीने घासलेली, आणि डॅशबोर्डवरचा दार उघडं असल्याचा दिवा लागू नये म्हणून आतल्या स्विचच्या वायरी पिळून जोडलेल्या. दिवा खरं सांगत होता. कुणीतरी त्याचंच तोंड बंद केलं होतं. त्या दिवशी आम्ही भावांनी ठरवलं: कडी घासायची नाही, तारेने बांधून द्यायचं नाही, स्विच बायपास करायचा नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. काही गेलेही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या १९८४ ते १९९५ या मॉडेल-वर्षांच्या मिनीव्हॅनचे मागचे दरवाजे अपघातात उघडून माणसं बाहेर फेकली गेल्याच्या तक्रारी होत्या. सरकारी चौकशी झाली आणि १९९५ मध्ये कंपनीने सुमारे ४० लाख गाड्यांची मागची लॉकं बदलून द्यायचं कबूल केलं. तोवर तिथला दाराच्या लॉकचा सरकारी नियम बाजूच्या दारांपुरताच होता. त्याच वर्षी तो अशा गाड्यांच्या मागच्या दारालाही लावायचं ठरलं. मागचं दार सामानाचं, अशी समजूत तिथेही होती. आपल्या सात सीटच्या गाड्यांत तर शेवटच्या सीटवर बहुतेक वेळा लहान मुलंच बसतात, आणि त्यांच्या पाठीला लागून तेच दार असतं.

प्रत्येक वेळी लॉकच बिघडलेलं असतं असं नाही. मागून ठोकर बसली की कडी सरकते. डिकीचं दार उचलून धरणाऱ्या शॉकरमधला गॅस गेला की दार आपटतं आणि लॉकवर मार बसतो. बटण दाबूनही डिकी उघडत नसेल तर भाऊ आधी बिजागरीजवळची रबराची नळी सरकवतो. दार वर-खाली होऊन आतल्या वायरी तिथेच तुटतात. बऱ्याच गाड्यांत दाराच्या आतल्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यातून स्क्रू-ड्रायव्हरने खटका ओढता येतो. गिऱ्हाईकाला ते आम्ही दाखवूनच पाठवतो.

गाडी देण्याआधी डिकी उघडी ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने आकडा फिरवायचा, दोन्ही ‘खट’ गिऱ्हाईकाच्या कानावर पडू द्यायचे, मग हँडल ओढून आकडा मोकळा करायचा आणि त्यानंतरच दार लावायचं. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्यांदा हेच शिकतं. आषाढी वारी आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी भाड्याच्या गाड्यांची डिकी आम्ही पैसे न घेता तपासतो. आता मोटरवर उघडणाऱ्या डिक्या येऊ लागल्यात. त्यांच्यासाठी स्कॅनर घेतलाय, आणि अण्णांची नात, माझी थोरली, डिप्लोमा करून तोच विभाग बघते.