चिमटा, कणीक आणि ‘हॉप’: बालवर्गाच्या एका आठवड्याची रोजनिशी

सोमवार

मुलं साडेतीन ते पाच वर्षांची. नवे शब्द चारच: जम्प, स्टॉप, टर्न, सिट. हाताला नवं काम काहीच नाही, आणि ते मुद्दाम. या वयात एका वेळी एकच नवी गोष्ट पचते. शब्द नवा असेल तर हालचाल रोजची हवी, हालचाल नवी असेल तर शब्द जुने हवेत. दोन्ही एकदम दिलं की मूल आपल्या हातांकडेच बघत बसतं आणि शब्द कानावरून जातो. मग आपणच म्हणतो, याला इंग्रजी जमत नाही.

खेळ नेहमीचाच, ‘शिवाजी म्हणतो’. पहिले दोन दिवस बाईंनी करत करत बोलायचं. तिसऱ्या दिवशी हात मागे बांधून नुसतं बोलायचं, नाहीतर मुलं ऐकत नाहीत, बघून नक्कल करतात. बाद करण्याचा नियम मात्र काढून टाकावा. ज्याला सराव हवा, नेमकं तेच पोर सगळ्यात आधी बाहेर बसतं. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धत याच वाटेची: आधी ऐकून अंगाने उत्तर द्यायचं, बोलणं मागून येतं. म्हणून ‘से जम्प, से जम्प’ असा घोशा नको.

मंगळवार

आज ‘हॉप’. मराठीत दोन पायांनी मारली तर उडी, एका पायावर लंगडी. तेवढं एकदाच मराठीत सांगून टाकलं की भागतं. अडतं ते पायात. दोन्ही पाय उचलून उडी मारणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. एकाच पायावर सलग चार-पाच उड्या मारायला बहुतेकांना चार पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे ‘हॉप’ ऐकून धाकटी मुलं दोन पायांवरच उडतात. हा शब्द चुकला असं धरू नये. मूल आधी एक पाय उचलतं, हात पसरतं, डुगडुगतं आणि मग दुसरा पाय टेकवतं. म्हणजे शब्द कळलाय, तोल अजून आलेला नाही. अशा मुलाला एक हात भिंतीला लावून लंगडी घालू द्यावी.

‘पुश’ आणि ‘पुल’ एकाच दिवशी घेऊ नयेत. दोन्हींची सुरुवात सारखीच, अर्थ मात्र उलटे, त्यामुळे हमखास गल्लत होते. या आठवड्यात पुस्तकांनी भरलेलं खोकं ढकलायचं. ओढायची दोरी आठ-दहा दिवसांनी.

बुधवार

कणकेचा दिवस. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, आणि पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत. पाणी एकदम ओतलं की गोळा बोटांना चिकटतो आणि पुढची दहा मिनिटं हात पुसण्यात जातात. मीठ टिकण्यासाठी असतं, पण पावसाळ्यात तेच हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्याला पाणी सुटतं. मूठभर मैदा चोळून मळला की पुन्हा ठीक. बोटाला कापलेलं असेल त्या मुलाला बिनमिठाची, पोळीची कणीक द्यावी, नाहीतर झोंबतं.

आज हाताचं काम नवं, म्हणून शब्द गेल्या आठवड्यातले: बिग, स्मॉल, बॉल, स्नेक. ‘बिग बॉल’ दोन तळव्यांत लाडूसारखा वळायचा. ‘स्मॉल बॉल’ वाटाण्याएवढा, आणि तो फक्त अंगठा आणि पुढची दोन बोटं यांत फिरवायचा. खरी मेहनत या वाटाण्यात आहे, पुढे पेन्सिल धरतात तीच ही तीन बोटं. मुलं पळवाट काढतात: छोटा गोळाही तळव्यातच फिरवतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे त्याच हाताच्या करंगळी आणि अनामिकेत कापसाचा बोळा धरायला द्यायचा. ती दोन बोटं अडकली की तीन आपोआप कामाला लागतात. शेवटी सापाच्या पाठीवर करंजीसारखी मुरड घालायची आणि तेव्हा ‘पिंच’ हा एकच नवा शब्द. तोवर बोटं सरावलेली असतात.

गुरुवार

कपड्यांचे चिमटे. दुकानातले नवे चिमटे फार कडक असतात. मूल मुठीने दाबतं आणि सगळा उद्देशच वाया जातो. वापरून सैल झालेले प्लॅस्टिकचे चिमटे उत्तम. पुठ्ठ्याच्या कडेला रंगांचे ठिपके, ‘रेड’ म्हटलं की लाल ठिपक्यावर चिमटा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गोल खिडकी दिसते का बघावं. खिडकी मिटून अंगठा चपटा पडला असेल तर दाब अजून तळव्यातूनच येतोय.

कात्रीला पातळ कागद देऊ नये, तो पात्यांत दुमडतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या द्याव्यात, एका दाबात तुकडा पडतो. तुकडा पडला की ‘वन’, पुढचा ‘टू’. अंगठा वर आकाशाकडे. डावखुऱ्या मुलाला डावरी कात्रीच द्यावी. उजव्या कात्रीची पाती त्याच्या हातात एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद चिमटतो.

मणी, चणे, राजमा तीन वर्षांखालच्यांच्या हाती मुळीच नकोत. ते नाकात जातात, घशात अडकतात.

शुक्रवार

अक्षरं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे; त्या घाईने आता ज्युनिअर केजीच्या दप्तरात चार रेघी वही आणून ठेवली आहे. वही थांबू शकते. आधी ताटलीत रव्याचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर, मग पाटी. पाटीवर पेन्सिल थोडी अडते, त्यामुळे हाताला रेघ कळते. बोटभर लांब खडू मुठीत धरता येतो, दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा नाही. म्हणून खडू मोडूनच द्यावा. कागद भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवला की मनगट आपसूक मागे वळतं.

क्रम एबीसीडीचा नको, वळणाचा हवा. स्मॉल सी, ओ, ए, डी, जी, क्यू यांची सुरुवात एकच, घड्याळाच्या उलट दिशेची. बी मात्र एच, एन, एम, आर, पी यांच्या टोळीतला: आधी दांडी, मग पोट. डी आधी सी काढून मग दांडी. बी आणि डी असे दोन वळणांतून, पंधरा दिवसांच्या फरकाने आले की बरीच गल्लत टळते, कारण डोळा चुकला तरी हात सुरुवात विसरत नाही. देवनागरी आधी गिरवलेली मुलं इंग्रजी अक्षरही शिरोरेषेला टांगल्यासारखं वरच्या रेघेला लटकवतात. त्यांना खालच्या रेघेला ‘जमीन’ म्हणायला लावावं.

शनिवार

सुट्टी, आवराआवर. तोंड सुटलेले चिमटे बाजूला. कणकेचा गोळा तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात. सोमवारचे शब्द: ओपन, क्लोज. काम जुनंच, डब्यांची झाकणं. स्टीलचा घट्ट डबा एकही ठेवायचा नाही.