पॉम्पेईच्या रस्त्यांवर, मुलांना घेऊन

इटलीला जायचं ठरल्यावर मुलांना रोमन अवशेष दाखवायचे तर पॉम्पेईच, याबद्दल माझं मत पक्कं होतं. रोमचं कोलोसियम भव्य आहे, पण ती एकच इमारत. पॉम्पेईत अख्खं गाव उभं आहे: घरं, दुकानं, बेकऱ्या, रस्त्यावरचे पाण्याचे हौद, भिंतींवर रंगवलेला निवडणुकीचा प्रचार. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि दगड-राखेच्या कित्येक मीटर जाड थराखाली हे गाव गाडलं गेलं. १७४८ पासून खोदकाम चालू आहे, तरी जवळपास एक तृतीयांश भाग अजून जमिनीतच आहे. माझी मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही राजांच्या नावांपेक्षा माणसं काय खात होती, पाणी कुठून आणत होती, यातच रस असणार हे मला ठाऊक होतं.

तिकिटं आधीच ऑनलाइन काढली. आता ती प्रत्येकाच्या नावाची असतात आणि दिवसाला वीस हजारांपेक्षा जास्त लोकांना सोडत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असला तरी त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट लागतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनवरून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडायची आणि ‘पॉम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर उतरायचं. नुसतं ‘पॉम्पेई’ नाव असलेली स्टेशनं वेगळी आहेत. प्रवास पाऊण तासाच्या आतला, पण गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण करून देणारी. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे लहान पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, टोप्या आणि रिकाम्या बाटल्या एवढंच घेतलं. बाटल्या आतल्या नळांवर भरता येतात. सावली मात्र फार कमी.

गाईड परवानाधारक आणि मुलांच्या सहली घेणारी निवडली, आणि पैसे खऱ्या अर्थानं वसूल झाले ते इथे. पोर्ता मारिना या वेशीच्या चढावरून आत शिरताच तिनं मुलांना रस्त्याच्या मधोमध असलेले उंच दगड दाखवले आणि विचारलं, हे कशासाठी असतील? रस्त्यावरून सांडपाणी आणि हौदांतून ओसंडणारं पाणी वाहायचं, पाय न भिजता पलीकडे जायला ही सोय. मग दगडांमध्ये फटी का? गाडीची चाकं जायला! चाकांनी फरसबंदीत पाडलेल्या खोल खाचा मुलानं बोटानं चाचपून पाहिल्या. त्यानंतर प्रत्येक चौकात तो उड्या मारत पलीकडे जायचा आणि रस्ता किती रुंद आहे ते दगड मोजून सांगायचा. तारीख, सम्राट, शैली यातलं काहीही न सांगता त्या बाईनं त्याला गावाची रचना शिकवली होती.

बेकरीत लाव्हाच्या दगडाच्या उंच चक्क्या आहेत. मुलीनं आजीकडचं जातं पाहिलेलं, त्यामुळे वरून धान्य घालायचं आणि खाली पीठ पडायचं हे तिला सांगावं लागलं नाही. फक्त ही चक्की गाढवं किंवा गुलाम फिरवत, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. गुलामांबद्दल गाईडनं आडपडदा ठेवला नाही, ते मला आवडलं. विया देल्लाबोंदान्झा या मोठ्या रस्त्यावर वेतुतियस प्लासिदसचं खाद्यपदार्थांचं दुकान आहे. ओट्यात गोल तोंडाची मडकी बसवलेली, आणि मागच्या भिंतीवर रंगवलेलं देवघर. त्यातल्या एका मडक्यात सुमारे तीन किलो नाणी सापडली होती, हे कळल्यावर दोघंही प्रत्येक मडक्यात डोकावू लागले.

मृतांचे ठसे दाखवायचे की नाही, हे गाईडनं आम्हाला मुलांपासून बाजूला घेऊन विचारलं. राखेत शरीरं कुजून पोकळी उरली होती. पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये त्यात प्लास्टर ओतून ती माणसं पुन्हा दिसतील असं केलं. माझ्या मते मुलांना ते दाखवावं, पण आधी सांगून, घाई न करता. आम्ही तसंच केलं. ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ असं नाव पडलेल्या जागी तेरा जण आहेत, त्यांत लहान मुलंही. मुलानं विचारलं, “आई, हे पळाले का नाहीत?” गाईडनं त्याच्या उंचीला बसून उत्तर दिलं: सुरुवातीचे कित्येक तास वरून हलके दगड पडत होते, तेव्हा पुष्कळ जण निघून गेले आणि दुसऱ्या गावांत जाऊन राहिले. जे मागे राहिले त्यांच्यावर नंतर तापलेल्या वायू-राखेचे लोट आले. त्याला ते पटलं. वाचलेल्यांबद्दल मात्र रात्रीपर्यंत प्रश्न चालू होते.

अ‍ॅम्फिथिएटर, म्हणजे खेळांच्या गोलाकार मैदानापाशी मुलं थकली होती, तेव्हा तिथं फक्त बसलो. वीस हजार लोक मावतील अशी जागा. इ.स. ५९ मध्ये इथे शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशी दंगल झाली आणि खेळांवर दहा वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या दिवशी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय केलं. ते मंगळवारी बंद असतं. करपलेल्या पावांसमोर मुलं रेंगाळली, पण मी आले होते एका वीतभर उंचीच्या मूर्तीसाठी. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्री, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. आधी लक्ष्मी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. आम्ही गेलो तेव्हा ती प्रौढांसाठीच्या कामुक चित्रांच्या दालनात होती, म्हणून नवऱ्यानं आधी आत जाऊन पाहून घेतलं आणि मग मुलांना सरळ तिच्यापाशी नेलं.

माझं माहेर जालन्याचं. त्याच जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली आहे, अर्धवट तुटलेली, आणि तेरलाही तशी एक आहे. मुलीनं विचारलं, “मग ही इथं आली कशी?” पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल गाड्यांतून भडोच बंदरावर जात असल्याचं लिहिलं आहे. तिथून जहाजं तांबड्या समुद्रात, पुढे इजिप्त, मग इटली. तिनं काचेच्या कपाटासमोरच वहीत तो सगळा मार्ग काढला, आणि पैठणपासून भडोचपर्यंत गाडीनं किती दिवस लागत असतील याचा हिशेब दोघं बहीण-भाऊ परतीच्या गाडीत करत बसले.