वल्हाला: हरणार असलेल्या युद्धाची छावणी

एकेकाळी नॉर्वेचा राजा असलेला एरिक, ज्याला लोक 'रक्तकुऱ्हाड' म्हणत असत, इ.स. ९५४ मध्ये उत्तर इंग्लंडमधील स्टेनमोरच्या उजाड माळावर मारला गेला. त्याच्या पश्चात राणी गुनहिल्डने त्याच्या स्मरणार्थ एक काव्य रचून घेतले, असे नॉर्वेच्या राजांच्या जुन्या इतिहासात म्हटले आहे. आज त्याची मोजकीच कडवी उरली आहेत. आरंभी ओडिन हा देवांचा अधिपती आपले स्वप्न सांगतो. पहाटेपूर्वी आपण वल्हालाच्या महालात सर्वांना उठवत होतो, बाकांवर आच्छादन घालायला आणि पेले धुवायला सांगत होतो, जणू कोणी राजा येणार आहे, असे त्याला दिसलेले असते. मग बाहेर हजारो माणसे चालून यावीत तसा गडगडाट होतो आणि ओडिन म्हणतो, हा एरिक येतो आहे. तेव्हा सभेतला एक वीर असा प्रश्न विचारतो, की तो वाचल्यापासून वल्हालाविषयीची माझी समजूत पार बदलून गेली. एरिक इतका शूर आहे असे तुला वाटत होते, तर मग तू त्याच्या हातून विजय का काढून घेतलास? ओडिनच्या उत्तराचा आशय असा, की पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगता येत नाही, आणि तो करडा लांडगा देवांच्या वस्तीकडे टक लावून पाहतो आहे.

वल्हाला म्हणजे शूरांना मरणोत्तर मिळणारे बक्षीस, असे आपण चित्रपटांतून आणि व्हिडिओ गेममधून शिकलो आहोत. या उत्तरात मात्र बक्षिसाची भाषाच नाही. येऊ घातलेल्या संकटासाठी देवाला माणसे हवी आहेत, आणि चांगली माणसे मिळवण्याचा त्याच्याजवळचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे त्यांना रणांगणावर मरू देणे. जुन्या नॉर्स, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या भाषेत 'वाल' म्हणजे रणात पडलेले आणि 'हॉल' म्हणजे महाल. पडलेल्यांना निवडणाऱ्या त्या वाल्किरी. कोण पडणार हेही त्यांच्याच निवडीवर अवलंबून असे, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांतला गारठा जाणवतो.

त्या महालाचे वर्णन मुख्यतः 'ग्रिमनिस्माल' या काव्यात येते. छताला कौलांऐवजी ढाली आहेत, वासे भाल्यांच्या दांड्यांचे आहेत आणि बाकांवर चिलखते पसरलेली आहेत. पश्चिमेच्या दारावर लांडगा लटकतो आणि वर गरुड घिरट्या घालतो. छतावर हेड्रून नावाची शेळी उभी राहून एका झाडाचा पाला खाते, आणि तिच्या आचळांतून दुधाऐवजी मधाचे मद्य झरते, जे कधीही आटत नाही. सेह्रिमनिर नावाचा रानडुक्कर रोज शिजवला जातो आणि संध्याकाळी पुन्हा सबंध होतो. ओडिन स्वतः त्या मांसाला स्पर्श करत नाही. आपल्या वाट्याचे सगळे तो पायाशी बसलेल्या गेरी आणि फ्रेकी या दोन लांडग्यांना घालतो आणि केवळ द्राक्षांच्या मद्यावर जगतो. भरल्या पंगतीत यजमान एकटाच जेवत नाही, हे वर्णन मला फार अस्वस्थ करते. त्याचे दोन कावळे, हुगिन आणि मुनिन, म्हणजे विचार आणि स्मृती, रोज जगावरून उडून येतात. हुगिन परत येणार नाही अशी भीती मला वाटते, पण मुनिनची काळजी त्याहून अधिक वाटते, असे तो त्याच काव्यात म्हणतो.

इथे आलेल्या वीरांना 'आइनहेर्यार' म्हणतात. ते रोज सकाळी शस्त्रे चढवून अंगणात उतरतात, एकमेकांशी लढतात, एकमेकांना पाडतात आणि मग घोड्यांवर बसून महालात परततात व सलोख्याने शेजारी शेजारी बसतात. 'वाफथ्रूदनिस्माल' या दुसऱ्या एका काव्यातल्या एकाच कडव्यात हे सगळे आले आहे.

माझे मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्याची शेवटची दोन वर्षे ते आमच्याकडेच होते आणि डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे मी त्यांना रोज संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवत असे. हे कडवे मी मराठीत सांगितले तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अगं, संध्याकाळी सगळेच उठून जेवायला बसतात, तर ती लढाई कसली? तो सराव आहे. छावणी आहे ती." मी इतके दिवस ज्याला शौर्याचा स्वर्ग समजत होते, त्याचे खरे नाव त्यांनी एका दमात सांगितले, कारण त्यांनी अशा छावण्यांत आयुष्याची पंचवीस वर्षे काढली होती. हत्यारांची निगा, जेवणाची चोख व्यवस्था, रोजची दमछाक आणि रात्रीचा सलोखा, हे सगळे कशाची तरी वाट पाहणाऱ्या फौजेचे लक्षण आहे. "मग खरी लढाई कधी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर हाच या सगळ्या कल्पनेचा गाभा आहे.

खरी लढाई राग्नारोकच्या, म्हणजे देवांच्या अंताच्या दिवशी. त्या दिवशी फेनरीर नावाचा तोच करडा लांडगा बेड्या तोडून सुटेल, आणि वल्हालाच्या पाचशे चाळीस दारांपैकी प्रत्येक दारातून आठशे वीर एकाच वेळी त्याच्यावर चालून जातील, असे ग्रिमनिस्माल सांगते. गुणाकार केला की ४,३२,००० येतात, आणि इथे मराठी वाचक दचकतो, कारण आपल्या पुराणांप्रमाणे कलियुगाची वर्षेही तितकीच आहेत. हा योगायोग अनेकांना भुरळ घालतो आणि मलाही त्याने काही दिवस भुरळ घातली होती. परंतु जुन्या नॉर्स भाषेत 'शंभर' हा शब्द पुष्कळदा एकशेवीस या अर्थाने वापरला जाई. त्या मोजणीने दारे ६४० होतात, प्रत्येक दारातले वीर ९६० होतात, गुणाकार ६,१४,४०० वर जातो आणि कलियुगाशी असलेले नाते विरून जाते. दोन दूरच्या परंपरांना एका आकड्याच्या दोरीने बांधण्याआधी तो आकडा मूळ माणसे कसा मोजत होती हे पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आकडा कोणताही असो, ती फौज हरणार आहे. फेनरीर ओडिनला गिळतो. ओडिनचा मुलगा विदार त्याचा सूड घेतो खरा, पण तोवर देवांचे जग मोडलेले असते. शिवाय हे भविष्य ओडिनला आधीच माहीत आहे. त्यासाठी तो जाणत्यांकडे खेटे घालतो, एक डोळा देतो आणि जे कळते ते असे की आपण वाचणार नाही. तरीही तो माणसे जमवत राहतो. वल्हालाचे तेज मला इथे दिसते. उद्याचा पराभव ठाऊक असलेल्या सेनापतीच्या अंगणात शेकडो वर्षे रोज सकाळी कोणी तरी तलवारीला धार लावते, यात जी हिंमत आहे ती 'विजय आपलाच' म्हणणाऱ्या कोणत्याही स्वर्गात सापडणार नाही.

हे वर्णन आपल्यापर्यंत कसे पोहोचले तेही सांगितले पाहिजे. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि वल्हालाचे सलग गद्य वर्णन लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसोन त्यानंतर दोन शतकांनी, १२२० च्या सुमारास लिहीत होता. म्हणजे ज्या देवांवर आपला विश्वास नाही त्यांच्या कथा तो कवितेची परंपरा टिकावी म्हणून जपत होता. देवांची जुनी काव्ये मुख्यतः ज्या चर्मपत्री हस्तलिखितात उरली ते १६४३ मध्ये एका आइसलँडिक बिशपच्या हाती लागले, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि १९७१ मध्ये समारंभपूर्वक आइसलँडला परत आले. केवळ ४५ पानांचे ते पुस्तक नसते तर त्या जुन्या काव्यांपैकी कितीतरी आपल्याला कळलीच नसती.

नित्य युद्धाची कल्पना त्या लोकांना केवळ गौरवाचीच वाटत होती, असेही समजू नये. स्नोरीनेच सांगितलेल्या दुसऱ्या कथेत ह्योग्नी या राजाची मुलगी हिल्ड हिला हेदिन पळवून नेतो आणि ऑर्कनी बेटांपैकी एका बेटावर दोन्ही सैन्ये भिडतात. दिवसभरात पडलेले सगळे आणि त्यांची हत्यारे दगड होतात. मात्र हिल्ड रात्री जाऊन मंत्राने मृतांना उठवते, आणि पहाट होताच बाप आणि नवरा पुन्हा एकमेकांवर धावून जातात. हे राग्नारोकपर्यंत चालू राहणार आहे. तीच रोजची लढाई, तेच रोजचे उठणे, पण इथे संध्याकाळचा सलोखा नाही, जेवण नाही आणि लढण्याला पुढचे प्रयोजनही नाही. एवढ्या फरकाने वल्हालाचा शाप होतो.

काही वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात मी गोटलंड बेटावरच्या ट्येंगविदे येथे सापडलेली चित्रशिळा पाहिली. तिच्या वरच्या भागात आठ पायांच्या घोड्यावर बसलेला स्वार आहे आणि त्याच्यासमोर हातात शिंगाचा पेला घेतलेली एक स्त्री उभी आहे. वल्हालात येणाऱ्या वीराचे हे स्वागत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्यापुढे उभे असताना मला आमच्या गावच्या महादेवाच्या देवळामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या वीरगळाची आठवण झाली. महाराष्ट्रात गावोगावी असे वीरगळ आहेत. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर समुद्रातली लढाई कोरलेली आहे. खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, बहुधा गावची गुरे सोडवताना, त्याच्यावर त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दोन्ही शिळा एकच गोष्ट सांगत आहेत असे प्रथम वाटले, पण वीरगळाची वरची चौकट आठवली आणि फरक लख्ख दिसला. आपल्या वीराच्या हातात तिथे शस्त्र नाही. त्याचे काम संपले आहे आणि तो हात जोडून बसला आहे. अप्सरा मृत्यूनंतर येते, तर वाल्किरी मृत्यूच्या आधीच निवड करून गेलेली असते. आपला स्वर्ग वीराला निवृत्त करतो, ओडिनचा महाल त्याला पुन्हा भरती करून घेतो.

अंथरुणावर, आजाराने किंवा म्हातारपणाने मेलेल्यांसाठी वल्हाला नव्हता. स्नोरीच्या म्हणण्याप्रमाणे ती माणसे मृतांच्या जगाची राणी हेल हिच्याकडे जात. या विभागणीचा मला फार राग येत असे, कारण मामा अखेर आमच्या घरातल्या पलंगावर, पहाटे, झोपेतच गेले. पण काव्ये नीट वाचली तर ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. रणात पडलेल्यांपैकी निम्मे ओडिनकडे जातच नाहीत. त्यांना फ्रेया ही देवी आपल्या फोल्कवांग नावाच्या कुरणावर नेते, आणि तिथे रोज लढावे लागते असे कुठे म्हटलेले नाही. आणि देवांमधला सगळ्यांचा लाडका बाल्डर, खुद्द ओडिनचा मुलगा, तो मारला गेल्यावर हेलकडेच जातो. तिथे त्याच्यासाठी मानाचे आसन मांडलेले असते.

मामांना मी शेवटी ऐकवलेली कथा हाकोन राजाची होती. हाकोन हा एरिकचाच सावत्र भाऊ. तो इंग्लंडच्या राजाकडे ख्रिस्ती म्हणून वाढला आणि पुढे जुना धर्म पाळणाऱ्या नॉर्वेवर त्याने राज्य केले. सुमारे ९६१ मध्ये फित्यार येथे त्याने शत्रूला पळवून लावले, पण लागलेल्या जखमेने त्याचा अंत झाला. एयविंद या कवीने रचलेल्या काव्यात तो जखमी अवस्थेत, ढालीला भोके पडलेली, चिलखत फाटलेले, अशा अवस्थेत बसलेला असताना त्याला घोड्यांवरच्या वाल्किरींचे बोलणे ऐकू येते. तो त्यांना विचारतो की आम्ही विजयाला पात्र असताना तुम्ही युद्धाचा निकाल असा का लावलात. वल्हालाच्या दाराशी रक्ताने माखलेला पोहोचल्यावरही ओडिनचे मन आपल्याविषयी चांगले दिसत नाही, असे तो उघड म्हणतो. काव्याचा देव ब्रागी त्याला दिलासा देतो, इथे सर्व वीरांकडून तुला अभय आहे, देवांसोबत मद्य घे, तुझे आठ भाऊ आत बसले आहेत. हाकोन ऐकून घेतो, आणि म्हणतो की आपली हत्यारे मात्र आपण आपल्याजवळच ठेवू, शिरस्त्राण आणि चिलखत माणसाने नीट सांभाळावे, ती हाताशी असलेली बरी.

मामांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावले. मग उशाशी ठेवलेली काठी चाचपून जागेवर आहे ना ते पाहिले आणि दिवा मालवायला सांगितला.