राखीव बाकावरचा आवाज

बेसबॉलमध्ये फलंदाजीची सरासरी .२०० म्हणजे पाचातून चार वेळा हात हलवत परत. बॉब युकर या अमेरिकन खेळाडूची सहा मोसमांची सरासरी नेमकी तेवढीच, आणि होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानापार धाडणारे फटके, सगळे मिळून १४. एवढ्या शिदोरीवर पोट भरायचं कसं? मिलवॉकी शहराच्या ब्रुअर्स संघाचे मालक बड सेलिग यांनी त्याला आधी नवे खेळाडू हेरायच्या कामावर धाडलं. त्याचा अहवाल आला तो कुस्करलेला बटाटा आणि ग्रेव्हीने माखलेला, असं सेलिग सांगायचे. शेवटी १९७१ साली त्याला मिलवॉकीत रेडिओच्या माइकसमोर बसवलं. तिथून तो ५४ मोसम हलला नाही.

मी बेसबॉल मैदानात जाऊन कधी पाहिलेला नाही. युकरची जुनी ध्वनिमुद्रणं मात्र भाजी निवडता निवडता ऐकते, आणि दर वेळी वाटतं, बरं झालं हा गडी मोठा खेळाडू झाला नाही ते! मोठा खेळाडू स्वतःच्याच खेळात गुंग असतो. हा बराच काळ राखीव बाकावर. बघण्यावाचून दुसरं काम काय? त्यात हा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. बाकी आठ जणांची तोंडं फलंदाजाकडे. अख्खं मैदान समोर दिसतं ते एकट्या कॅचरला. पण १९६७ साली अटलांटात फिल नीक्रो या पिचरचे नकलबॉल झेलताना त्याची दैनाच झाली. हा चेंडू जवळजवळ फिरतच नाही, हवेत डुगडुगत येतो. कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो पकडायचा कसा? युकर म्हणायचा, घरंगळायचा थांबला की जाऊन उचलायचा.

आता हा खेळ असा, की तासन्‌तास चालतो आणि त्यातला बराचसा वेळ काहीच घडत नाही. पिचर खुणेला मान हलवतो, फलंदाज हातमोजे घट्ट करतो, कुणीतरी थुंकतं. टीव्हीवर ते निदान दिसतं तरी. रेडिओवर ती पोकळी कुणीतरी बोलून भरायची असते. युकर ती मासेमारीच्या गप्पांनी भरी, स्वतःच्या फजितीने भरी, आणि मधेच चेंडू उंच उडाला की गप्पा तिथेच टाकून ‘गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!’

आपल्याकडे बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले, पण घराघरांत पोचले ते आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनामुळे. मात्र स्वतःची टर उडवण्यात युकरचा हात कुणी धरू नये. सँडी कूफॅक्ससारख्या दिग्गज पिचरला त्याने १९६५ साली होमरन मारला होता. त्या एका डागामुळे बिचाऱ्याचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनातलं स्थान, हुकणार, अशी काळजी म्हणे त्याला लागून राहिली होती.

कूफॅक्स गेला बरं का तिथे. २००३ साली समालोचनाचा फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार घ्यायला युकरही कूपर्सटाउनला, त्या हॉल ऑफ फेमच्या गावी, पोचला, आणि भर समारंभात म्हणाला, मनात कसलीही अढी नाही, पण मला अजून वाटतं, मला इथे खेळाडू म्हणूनच घ्यायला हवं होतं.