बापू कुटी आणि मातीच्या घराची डागडुजी

वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसचं मोठं काम १९४९ ते १९५२ चाललं. बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवल्या, आतलं घर काढलं आणि पोलादी सांगाडा उभा केला. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातल्या बापू कुटीचं, म्हणजे गांधीजींच्या मातीच्या घराचं, गणित उलटं आहे. मयाल (आडवी तुळई), वासे, भिंतीचं अंग सांभाळायचं आणि वरचा लेप नवा करत राहायचा.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात, म्हणजे पुढं सेवाग्राम झालेल्या गावात, आले. आधी आदी निवास बांधला गेला. आजची बापू कुटी मुळात त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेनची. गांधीजी राहायला आल्यावर ती वाढत गेली. आश्रमातला आखरी निवास वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाजांनी स्वतःसाठी बांधलेला. म्हणजे हा वापरता वापरता वाढलेला पसारा आहे, एका नकाशावरचा नाही. डागडुजी करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, कारण नवं-जुनं जिथं जोडलं जातं तिथंच पाणी आधी शिरतं.

अशा घराचं काम मृग लागायच्या आत उरकायचं आणि छपरापासून सुरू करायचं. भिंत आधी लिंपली तर वरून पडणारी माती आणि फुटके कवेलू (कौलं) ताजा लेप खराब करतात.

लेपाला काळी माती नको. ती सुकताना आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा देते. गावठाणातली पांढरी माती घ्या, चाळा, गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा तनसाचा (भाताच्या पेंढ्याचा) बारीक चुरा मिसळा आणि आठवडाभर भिजत ठेवा. रोज पायानं तुडवायची. वास यायला लागला की माती चिकट झाली समजा. भिंतीवरचा पोकळ लेप खरवडून टाका, भिंतीवर पाणी शिंपडा, मग पहिला जाड थर द्या. तो पूर्ण सुकल्यावर शेणमातीचा पातळ हात. घाई करून ओल्यावर ओला थर दिला की दोन्ही थर सुटतात.

भिंतीवर सिमेंट लावायचा मोह हमखास होतो. जमिनीतून चढणारी ओल मातीच्या भिंतीतून बाहेर उडून जाते. सिमेंट तिची वाट अडवतं. वरून भिंत चकाचक दिसते, आत माती मऊ पडते, आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा पापुद्रा मातीसकट खाली येतो. कुटीत मीराबेननं भिंतीवर मातीतच उठावात ताडाची झाडं आणि चरखा काढलेत. अशा भिंतीला सरसकट हात फिरवायचा नाही. आधी चित्राची कड हातानं बंद करायची, मग भोवती लिंपायचं.

सर्वांत जास्त झीज होते ती भिंतीच्या खालच्या हातभर भागाची, वळचणीचं पाणी उडून. म्हणून पावसाळ्याआधी बाहेरून शिंदीच्या पानांच्या झांज्या (आडोशाचे तट्टे) बांधतात. भिंतीला चिकटवून बांधल्या तर आत ओल कोंडते. थोडी फट ठेवा. अंगणाचा उतार घरापासून बाहेर हवा, नाहीतर झांजी असूनही पाया भिजणार.

छपरावर खरी अडचण वानरांची. त्यांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, फुटतात, आणि खालचा बांबू भिजून उधईला (वाळवीला) आमंत्रण मिळतं. बांबू दिवाळीनंतर तोडलेला घ्या, पावसाळ्यातल्या बांबूला भुंगा लवकर लागतो. गावठी कवेलू घडवणारे कुंभार आता विरळच, त्यामुळे पाडलेल्या घरांचे कवेलू मिळतील तेव्हा साठवून ठेवा. घेताना टिचकी मारा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर सोडा. आणि दोन गावांचे कवेलू एका ओळीत बसवू नका, त्यांचा बाक जुळत नाही.