कार्डं उगवली

रविवारी सकाळी सव्वासातला मावशींचा फोन आला. "ताई, जरा बिगीनं या की. कार्डं उगवल्यात."

मला 'उडाल्यात' असं ऐकू आलं. शुक्रवारपासून वारं-पाऊस चालूच होता. गच्चीवरच्या पत्र्याखालचे चार ताव उडून शेजारच्या बेकरीवर पडले असतील, असं समजून मी सावकाश चहा घेतला आणि निघाले. वर जाऊन पाहते तर मावशी कागदाच्या थप्पीपुढं उकिडव्या बसलेल्या, हातात एक ताव, आणि त्या तावातून सुतासारखे पांढरे मोड बाहेर आलेले. काहींच्या टोकाला दोन हिरवट-पिवळी पानं उघडायच्या बेतात होती.

"फोनवर सांगितलं न्हवं, उगवल्यात म्हणून."

आमचं कोल्हापुरात हातकागदाचं छोटं काम आहे. मी, मावशी आणि गरजेप्रमाणं आणखी दोघी. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात तळमजल्यावरचा सगळा माल पाण्यात गेला, तेव्हापासून पहिला मजला आणि त्यावरची गच्ची एवढाच पसारा. सुती चिंध्या इचलकरंजीहून येतात, रद्दी इथल्याच ऑफिसांतून. दोन्ही साधारण निम्मं-निम्मं. एकदा कागद झालेला धागा पुन्हा कुटला की आखूड होतो, म्हणून नुसत्या रद्दीचं कार्ड घडी घालताना मोडतं. चिंधीचा लांब धागा त्याला धरून ठेवतो. लोक कौतुकानं वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणून देतात, ते मात्र मी घेत नाही. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि वर्ष-दोन वर्षांत कार्ड तंबाखूच्या रंगाचं होतं. हे सांगितलं की माणसं नाराज होतात. पर्यावरणासाठी काहीतरी केल्याचं त्यांचं समाधान मी हिरावून घेतलेलं असतं.

तर ऑर्डर अशी होती. पुण्यातल्या एका कंपनीला दिवाळीसाठी चारशे शुभेच्छापत्रं हवी होती, बियांच्या कागदाची. कार्ड वाचून झालं की कुंडीत पुरायचं, वर माती लोटायची, पाणी घालायचं, म्हणजे रोप येतं. मे महिन्यात मी तुळशीच्या बिया घालून नमुना पाठवला होता. तो ऊन्हात दोन तासांत खडखडीत वाळला होता. साहेबांनी तो ऑफिसातल्या कुंडीत लावला आणि आठ दिवसांनी फोन केला. "मॅडम, काहीच आलं नाही." तुळस सावकाश येते, पंधरा दिवससुद्धा घेते, असं मी सांगितलं. "नाही, एवढं कोण थांबणार? लवकर उगवणारं काहीतरी घाला."

लवकर उगवणारं म्हणजे मोहरी. सोबत थोडा राजगिरा, दिसायला बरा म्हणून. सब्जा मी आधीच बाद केला होता. पाण्यात पडला की त्याच्याभोवती चिकट बुळबुळीत आवरण येतं आणि ओला ताव ज्या ब्लँकेटच्या तुकड्यावर उपडा करायचा, त्यालाच तो अख्खा चिकटतो.

आणि आणखी एक अट : "सगळी एकसारखी पाहिजेत हं." हाताची चीज म्हणून दोन पैसे जास्त द्यायचे आणि यंत्रातून निघाल्यासारखी मागायची. याची आता सवय झाली आहे.

बियांच्या कागदाबद्दल माझं मत विचाराल तर कार्डाला तो सगळ्यात वाईट. कार्डावर दोन ओळी हातानं लिहायच्या असतात. इथं पेन दर चार अक्षरांनी बीवर अडखळतं. कागद बनवतानाही सगळे रस्ते बंद होतात. बी बीटरमध्ये, म्हणजे चिंध्या-रद्दी कुटून लगदा करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, भरडली जाते. म्हणून लगदा हौदात आल्यावर ती मागाहून टाकायची आणि दर ताव उचलण्याआधी हातानं ढवळायचं, नाहीतर सगळी मोहरी तळाला बसते. साच्यावर ताव उचलला, ब्लँकेटच्या तुकड्यावर उपडा केला, वर दुसरा तुकडा, त्यावर दुसरा ताव. अशी थप्पी झाली की प्रेसखाली. एरवी मी प्रेसचं चाक अंगातला जोर लावून आवळते. बिया असल्या की निम्म्यातच थांबावं लागतं, नाहीतर त्या चिरडतात. म्हणजे ज्या कागदानं पाणी लवकर सोडायला हवं, त्याच्यातच जास्त पाणी राहतं. वाळल्यावर बारा-तेरा ग्रॅम भरणारा आमचा ताव त्या दिवशी प्रेसमधून निघाला तेव्हा चाळीसच्या आसपास होता.

गुरुवारी दोनशे चाळीस ताव झाले, दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगले, पंखे लावले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते हाताला कोरडे लागत होते. शुक्रवारी आणखी एकशे ऐंशी काढले. वीस जास्तीचे, खराब निघतील म्हणून. ते टांगायला घेतले आणि परतीचा पाऊस आला. वाऱ्यानं पाणी पत्र्याखाली आत यायला लागलं. तेवढ्यात लाईट गेली, पंखे बंद. आम्ही दोघींनी घाईघाईनं वाळलेले ताव खाली नेले आणि ओले ताव ब्लँकेटांसकट पुन्हा थप्पी लावून, वरून प्लॅस्टिक गच्च गुंडाळून, कोपऱ्यात ठेवले. शनिवारी मला सांगलीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मावशींचा उपवास, त्यांना मीच म्हटलं होतं, "पाऊस आहे, उद्या येऊ नका."

आता रविवारी ती थप्पी उघडल्यावर वाफसर उबारा हाताला लागला, आणि ओल्या मातीचा, कच्च्या मुळ्याचा वास. मटकीला मोड आणायला आपण काय करतो? भिजवतो, फडक्यात गच्च बांधतो आणि उबेला ठेवतो. मी एकशे ऐंशी तावांचं नेमकं तेच केलं होतं. मुळं कागदातून आरपार जाऊन ब्लँकेटच्या लोकरीत घुसली होती. ताव उचलला की मोड तुटत होते आणि कागदाला भोकं पडत होती. राजगिरा तेवढा अजून गप्प होता.

मावशी हसत होत्या. मला हसू आलं ते बऱ्याच दिवसांनी. त्या क्षणी मी फक्त मोजत होते. सोमवारी स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं माल द्यायचा, शुक्रवारी पुण्यात पोचवायचा. हातात दोनशे चाळीस ताव, तेही मी परत खाली जाऊन चाचपले तेव्हा हवेतला दमटपणा ओढून पुन्हा गार लागायला लागलेले. दोन दिवसांत तेही उगवले असते.

पहिला प्रयत्न इस्त्रीचा. एका तावावर सुती कापड ठेवून फिरवली. आधी वाफ आली, मग आत बारीक तडतड सुरू झाली आणि खोलीभर फोडणीचा वास. बी भाजून निघाली, म्हणजे उगवण्याचा प्रश्नच मिटला.

मग मला आठवलं ते दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचं कागदीपुरा. शेकडो वर्षं जिथं हातानं कागद झाला ते गाव. मी काम सुरू केलं तेव्हा दोन ठिकाणी गेले होते. एक पुण्याच्या शिवाजीनगरातली, के. बी. जोशींनी 1940 साली उभी केलेली हातकागद संस्था, आणि दुसरं हे. जुने कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, ओला ताव दोरीवर टांगत नसत. गुळगुळीत गिलावा केलेल्या भिंतीला तो ब्रशनं चिकटवत. भिंत पाणी ओढून घेते, कागद सपाट वाळतो, आणि मग तो दगडानं घोटून लिहिण्याजोगा करायचा. म्हटलं, आपल्याही भिंती आहेत. पाच ताव चिकटवले. बियांच्या टेंगळांमुळं ते धड टेकेचनात. कडा सुटल्या आणि तीन ताव फरशीवर आले. शिवाय आमच्या भिंतीला ऑइलपेंट. ती कसलं पाणी ओढतेय.

उपाय शेवटी मावशींनाच सुचला, आणि तो भिंतीपलीकडं होता. शेजारच्या बेकरीत भट्टीच्या वर माळ्यासारखी एक खोली आहे, तिथं ते मैद्याची पोती ठेवतात, सादळू नये म्हणून. मावशींची आणि बेकरीवाल्या चाचांची रोजची शिळ्या पावांवरून ओळख. त्या खाली जाऊन पाच मिनिटांत परत आल्या. "चला म्हणत्यात. पण पोत्यास्नी हात लावायचा न्हाई."

वर गेल्यावर जाणवलं, ही जागा आम्हाला पाच वर्षं आधी कळायला हवी होती. कोरडी ऊब. घरातला तापमापक नेऊन टांगला, अडतीसच्या वर गेला नाही. बीला एवढं सोसतं. दोऱ्या बांधल्या, दोनशे चाळीस ताव टांगले, सोमवारी सकाळी काढले तेव्हा ते पापडासारखे वाजत होते. दरम्यान रविवारी दुपारीच हौद पुन्हा भरला. दोघींना घरून बोलावलं आणि रात्री अकरापर्यंत नवे एकशे ऐंशी काढले. ते सोमवारी प्रेसमधून निघाले की थेट माळ्यावर. चाचा मधून मधून वर डोकावून म्हणायचे, "और कितने बाकी हैं? टोस का टाइम हो गया." टोस भाजायला काढले की भट्टी जास्त पेटते आणि वर गरम होतं, तेव्हा आम्ही खिडकी उघडायची, असं ठरलं होतं.

पुण्याला फोन करायचा राहिलाच होता. रविवारभर मी तो टाळला. सोमवारी केला, आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. पलीकडं थोडा वेळ शांतता.

"उगवली म्हणजे?"

"म्हणजे मोड आले, सर. एकशे ऐंशी कार्डांना."

"मग बी चांगलं आहे म्हणायचं."

"हो, सर."

"शुक्रवार मात्र शुक्रवारच हं, मॅडम."

शुक्रवारी नाही, शनिवारी दुपारी पोचली. प्रिंटिंगवाल्यानं दोनदा स्क्रीन बदलली. बियांच्या टेंगळांनी जाळीला भोकं पडत होती, आणि त्याचे पैसे माझ्या बिलातून गेले. एकसारखी तर ती नव्हतीच. गुरुवारचे ताव जरा पिवळसर आणि रविवारचे पांढरट, कारण रविवारी रद्दी कमी पडली म्हणून चिंधी जास्त घातली होती. साहेबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांचा मेसेज आला तो असा : "कार्डांना खारीचा वास का येतोय?" मी खरं ते लिहिलं. उत्तरात एक हसरा चेहरा आला. तो कोणत्या अर्थानं, हे मी अजून विचारलेलं नाही.

उगवलेले एकशे ऐंशी ताव टाकून देणं शक्यच नव्हतं. ब्लँकेटं धुवून मुळं काढायला दोन दिवस गेले. ताव मोडांसकट परत बीटरमध्ये गेले. त्या लगद्याचा जो कागद झाला त्यात हिरवे, केसासारखे बारीक धागे आले. असं काही मला ठरवून कधी जमलं नसतं. साठ कार्डं हातोहात गेली. ज्यांनी ती घरात उजेडात ठेवली त्यांचे फोन महिन्या-दीड महिन्यानं आले, की हिरवा रंग शेवाळी होऊन मग मातकट झाला. पानाचा रंग उजेडात टिकत नाही, हे मी विकताना सांगायला हवं होतं. आता सांगते.

एक ताव मात्र मावशींनी कुणाला न सांगता बाजूला काढला होता आणि गच्चीवरच्या फुटक्या टबात, जुन्या लगद्याच्या आणि मातीच्या थरात, पुरला होता. डिसेंबरात त्याला पिवळी फुलं आली. संक्रांतीनंतर एके दिवशी त्यांनी माझ्यापुढं कागदाची पुडी ठेवली. मूठभरसुद्धा नाही, दोन चमचे मोहरी.

"पुढल्या ऑर्डरीला," म्हणाल्या.

पुढल्या ऑर्डरीत बी वेगळ्या पाकिटात देणार, कागदात नाही, असं मी साहेबांना आधीच कळवून टाकलं होतं. मावशींनी ते ऐकून घेतलं, पुडी परत कनवटीला लावली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातल्या आमटीला ती फोडणी होती.