सतराव्या लेण्यातला माणूस

निवृत्तीनंतर ‘मी कोण?’ हा प्रश्न मला सारखा छळतोय. म्हणून नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढते.

सतराव्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. हे लेणं त्याने आई-वडिलांसाठी कोरवून भिक्षुसंघाला दिलं, सोबत मुलगा धर्मरक्षित. वडील, गाव, मुलगा, दान, एवढीच ओळख. हुद्द्याचा उल्लेखही नाही! इतक्या दूरून आलेल्या माणसाला ती पुरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी बँकेत आयुष्य काढलं. खुर्ची गेली तसं सगळं रिकामं वाटलं. पण आईचं शेवटचं आजारपण मीच काढलं. त्या महिन्यांत हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. सोमवारपासून सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवणार आहे.